काटा खोटं दाखवतो

जुन्या गाडीची हेड गॅस्केट गाडीच्या म्हातारपणामुळे उडते, असं सर्वसाधारण मत आहे आणि ते पसरवण्यात त्या गाडीच्या मालकाचा मोठा वाटा आहे. मला ते मान्य नाही. गॅस्केट मालकामुळे उडते. तीही त्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, कारण निष्काळजी माणूस केव्हाच गाडी भंगारात घालून मोकळा होतो. ती उडते त्याच्या अभिमानामुळे. हा मालक कोण ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कर्जत-खालापूरकडच्या मंडळींना ओळख पटेल. वय पंचावन्नच्या पुढे. राहणं पार्ल्याला, दादरला, नाहीतर ठाण्याला. कर्जतच्या पलीकडे कोंदिवड्याच्या किंवा मुरबाड रस्त्याच्या अंगाला दहा गुंठ्यांचं ‘फार्महाऊस’. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून प्लॉट एन. ए.; शेती म्हणाल तर चार कढीपत्ते आणि एक लिंबू. त्या लिंबाशेजारी पत्र्याच्या शेडखाली, कव्हर घालून ‘ती’ उभी. बहुधा प्रीमियर पद्मिनी, नाहीतर तिच्याआधीची फियाट अकराशे, क्वचित अँबेसेडर. शनिवारी सकाळी कव्हर काढण्यापूर्वी हा गृहस्थ फाटकाबाहेर नजर टाकतो. रस्त्यावर कोणी नसेल तर आधी चहा घेतो.

गॅस्केट दिसायला अगदी गरीब. खाली इंजिनाचा ब्लॉक, वर हेड आणि दोघांच्या मधे दाबून बसवलेला हा चार मोठ्या आणि कितीतरी बारक्या भोकांचा पत्रा. जुन्या काळी तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस भरून तो करत. गॅरेजात त्याला ‘हेड पॅकिंग’ म्हणतात. मोठ्या भोकांत पेट्रोलचा भडका, बारक्यांतून कुठे पाणी, कुठे तेल. या तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पद्मिनीत अडचण अशी की ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तेवढ्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गाडी तापली-निवली की दर वेळी मधल्या मधे गॅस्केट रगडली जाते. (अँबेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं हेडही बिडाचंच, आणि फियाटवाल्याशी बोलताना अँबेसेडरवाला हे कधी विसरल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.) रोजच्या तापण्याला गॅस्केट पुरून उरते. पण पाणी कमी पडून इंजिन भलतंच तापलं की हेड वाकतं. ते डोळ्यांना दिसेल इतकं वाकावं लागत नाही. मिलिमीटरचा दहावा हिस्सा पुरतो. तेवढ्या फटीतून भडका वाट काढतो, शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा पाण्यात शिरतो आणि मग ती प्रसिद्ध लक्षणं दिसू लागतात: मागून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिकला दुधाळ तेल. माझ्या मुद्द्यापुरती यातली एकच गोष्ट महत्त्वाची. हे बहुधा एकाएकी होत नाही. आधी काटा चढतो. मग बॉनेटकडून गरम वास येतो. मग चढावर ओढ कमी होते. गाडी चांगला वेळ सांगत असते. तेवढ्यात ती बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता अर्धा तास स्वस्थ बसलं, तर सारं प्रकरण पाण्याच्या चार बाटल्यांवर मिटतं.

पुरावा हवा असेल तर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आहे. तेच कुर्ल्याच्या कारखान्याचं घराणं, तोच बिडाचा ब्लॉक, तेच १०८९ सीसीचं इंजिन. पुढे टॅक्सीत गॅस आला, पण हेड आणि ब्लॉक यांचं एकमेकांशी नातं तेच राहिलं. या गाड्यांनी मे महिन्याच्या दुपारी भायखळ्याच्या कोंडीत आयुष्य काढलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती इंजिन गेलं म्हणून नव्हे. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. त्या टॅक्सीवाल्याची पद्धत आठवा. सीटखाली पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यात कळकट फडकं. काटा चढला की गाडी फुटपाथला, बॉनेट वर, आणि गिऱ्हाइकाला “साहेब, दुसरी बघा” असं सांगताना चेहऱ्यावर लाज नावालाही नाही. त्याच्या दृष्टीने तापलेली गाडी म्हणजे बुडालेलं भाडं आणि उडालेली गॅस्केट म्हणजे बुडालेला आठवडा. त्यातलं स्वस्त काय ते त्याला कळत होतं. धातू तोच, पत्रा तोच, फरक फक्त स्टिअरिंगमागच्या माणसाचा. प्रयोगशाळेत यापेक्षा स्वच्छ प्रयोग करता आला नसता.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो की टॅक्सीला बोरघाट चढायचा नव्हता. घाटाला बदनाम करणं सोपं असतं, कारण तो उलट बोलत नाही. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चढ पाचशे मीटरच्या आसपास, वेग कमी, गिअर दुसरा, आणि दुपारी समुद्राकडचा वारा पाठीमागून येत असला तर रेडिएटरला समोरून मिळायची तेवढीही हवा मिळत नाही. हे सगळं कबूल. पण हा घाट १८३०पासून गाडीरस्त्याने चढला जातोय, आणि तो चढणाऱ्यांनी त्याच्यापुढे नम्र होण्याची रीत केव्हाच घालून दिली आहे. जुन्या ट्रकवाल्यांची रीत अशी की खोपोलीला थांबायचं, पाणी बघायचं, चाकांवर हात मारून यायचं, आणि वाटेत शिंगरोबाच्या देवळाशी नाणं टाकायचं. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, असं सांगतात. रेल्वेचा मान तर याहून मोठा. १८६३ साली बोरघाटाची लोहमार्गाची चढण सुरू झाली, ३७ फुटांना एक फूट अशा चढाची. तेव्हापासून कर्जत म्हटलं की मागून ढकलणारी बँकर इंजिनं, हे समीकरणच झालं. मोठमोठ्या एक्सप्रेस गाड्या, हजारो अश्वशक्तीची इंजिनं, कर्जतला येऊन मुकाट्याने उभ्या राहतात, मागे बँकर लावून घेतात, तेवढ्यात प्रवाशांचा बटाटेवडा खाऊन होतो आणि मग वर निघतात. यात डेक्कन क्वीनचीही अब्रू कधी गेली नाही. चाळीसेक अश्वशक्तीच्या पद्मिनीची मात्र जाते. म्हणजे तिच्या मालकाला तसं वाटतं.

तो निघतो तो पळसदरीवरून खोपोलीकडे. कारण काय, तर लोणावळ्याला ‘जरा हवा खाऊन येऊ’. शेजारी बायको, मागच्या सीटवर मित्र आणि त्याची बायको, आणि मागोमाग त्या मित्राचा मुलगा नव्या वातानुकूलित गाडीत, काही लागलंच तर म्हणून. काटा पहिल्यांदा बायकोला दिसतो. हे नेहमीचं आहे. तिच्या नजरेत प्रेम आड येत नाही. ती म्हणते, “अहो, काटा वर गेलाय.” तो म्हणतो, “तो काटा खोटं दाखवतो.” हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला आपोआप येतं, ते कोणी शिकवत असेल असं वाटत नाही. खरं म्हणजे साऱ्या डॅशबोर्डवर खरं बोलणारा बहुधा तेवढा एकच काटा उरलेला असतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून राहिलाय, घड्याळ बंद आहे, वेगाचा काटा चाळीस ते साठ या दरम्यान थरथरत राहून निर्णय चालकावर सोपवतो. पण याच्यावर आरोप. दोन वळणांनंतर ती पुन्हा म्हणते, “अहो, वास येतोय.” तो म्हणतो, “पुढच्या ट्रकचा.” मागच्या सीटवरचा मित्र काहीच बोलत नाही. त्याला पुढच्या शनिवारीही कर्जतला यायचं असतं.

हा माणूस थांबत का नाही, हाच खरा प्रश्न आहे आणि ‘त्याला कळत नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. त्याला गाडीतलं बरंच कळतं. कार्ब्युरेटरचा जेट कितीचा, प्लगमधलं अंतर किती, हे तो जेवताना विचारलं तरी सांगेल. त्याला अडवतं ते दुसरंच. आपल्याकडे दुखण्यांनाही प्रतिष्ठा असते. अपचन झालेल्याला कोणी भेटायला येत नाही. बायपास झालेल्याकडे शहाळी घेऊन लोक रांग लावतात, आणि पुढची वीस वर्षं त्याला संभाषणात अग्रक्रम मिळतो. ‘गाडी तापली’ हे अपचन आहे. ते टॅक्सीला होतं, टेंपोला होतं, नव्या गाडीवाल्यांच्या देखत बॉनेट उघडून बाटलीने पाणी घालणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. ‘हेड गॅस्केट उडाली’ म्हणजे मात्र मोठं ऑपरेशन. तिला हेड उतरवावं लागतं, मशीन शॉपला पाठवावं लागतं, ‘फेस मारून’ आणावं लागतं, पार्ट शोधावा लागतो. पहिल्यात मालकाचं चुकलेलं असतं, दुसऱ्यात गाडीचं वय झालेलं असतं. वेळेवर थांबलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि सांगण्यासारखं काही नसेल तर पद्मिनी बाळगायची कशाला, मारुती काय वाईट होती? म्हणून तो अपचनाच्या टप्प्यावर थांबत नाही, ऑपरेशनपर्यंत जातो. मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही. मनातल्या मनात ठरलेलं असतं एवढंच.

पांढरा धूर निघाला की मात्र तो थांबतो, आणि त्या क्षणी त्याच्यात जो बदल होतो तो पाहण्यासारखा असतो. इतका वेळ स्टिअरिंग आवळून बसलेला माणूस एकदम शांत, जाणता, जवळजवळ प्रसन्न होतो. धूर हातानेच नाकाकडे ओढून घेतो आणि जाहीर करतो, “हेड गॅस्केट.” भोवती जमलेल्यांपैकी एकजण रेडिएटरमध्ये हळद टाका म्हणून सुचवतो. रेडिएटरची बारीक गळती हळदीच्या पुडीने काही काळ भागते हे खरं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा तो रस्त्यावरचा उपाय. पण गॅस्केटपुढे हळद चालत नाही, आणि हे त्या माणसाला समजावून सांगण्यात आपला गृहस्थ वीस मिनिटं आनंदाने घालवतो. काटा चढत असताना हीच वीस मिनिटं त्याच्याकडे नव्हती. मग एखाद्या टेंपोला दोर बांधून, ‘टोचन लावून’, गाडी उताराने खोपोलीला परत. बायका मित्राच्या मुलाच्या गाडीतून लोणावळ्याला पुढे जातात. हवा खायला निघालेल्यांपैकी निदान दोघींना ती मिळते.

खोपोलीचा मिस्त्री हा या प्रकरणातला एकटा शहाणा माणूस, त्यामुळे त्याच्यावर फार लिहिण्याची गरज नाही. पण त्याचं काम बघायला हवं. “शेठ, निघताना पाणी बघितलं होतं का?” एवढाच त्याचा प्रश्न. शेठ त्यावर १९६४च्या डिलाइट मॉडेलपासून सुरुवात करतात. मिस्त्री तेवढ्यात होज पाईप सोडवतो, पाणी काढतो, हेडचे नट सैल करतो; तेही बाहेरच्या कडेपासून आतल्या बाजूला, थोडे थोडे, म्हणजे वाकलेलं हेड आणखी वाकणार नाही. लाकडी हातोडीचे दोन हलके ठोके, आणि हेड वर. खाली गॅस्केट चिकटलेली. ती सोडवून तो उजेडाकडे धरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधला पूल, करंगळीहून अरुंद, जळून काळा पडलेला आणि मधोमध तुटलेला. दोन्ही सिलिंडर एकाच घाटात एकदम ढिले का पडले त्याचं उत्तर त्या काळ्या रेघेत असतं. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून तो मागून बॅटरीचा उजेड टाकतो. पट्टीखालून उजेड दिसला की हेड वाकलंय. बसवताना सगळं उलट: आधी ब्लॉकचा पृष्ठभाग आरशासारखा साफ, मग नवी गॅस्केट, मग नट मधल्यापासून बाहेर, एकदम न आवळता दोन-तीन हप्त्यांत, शेवटी टॉर्क पान्याने. या साऱ्या वेळात शेठ स्टुलावर बसून टॉर्च धरतात आणि मिस्त्रीचा हात जिथे असेल त्याच्या वीतभर बाजूला उजेड पाडतात. मग जुनी गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळून घेतात. ती फ्रेम होऊन फार्महाऊसच्या ओटीवर, आजोबांच्या फोटोशेजारी लागते.

दुसरा आक्षेप पैशांचा. आपल्या पैशांनी स्वतःचं नुकसान कोण करून घेईल? हा आक्षेप घेणाऱ्यांनी या माणसाचा हिशोब पाहिलेला नसतो. गॅस्केट स्वतः फार महाग वस्तू नाही. खर्च हेडच्या कामाचा, मजुरीचा आणि शोधाशोधीचा. शोधाशोध हा मोठाच कार्यक्रम. पुण्याच्या नाना पेठेत मिळेल की मुंबईच्या ऑपेरा हाऊसला, यावर कर्जतमध्ये बसून दोन रविवार चर्चा होते, कारण कर्जत दोन्हींच्या मधे आहे. बिल आलं की त्याच्या दोन आवृत्त्या निघतात. मित्रांमध्ये आकडा वर जातो, घरात खाली येतो; प्रत्यक्ष बिल फाइलमध्ये राहतं आणि फाइल बँकेच्या कागदांपेक्षा जास्त जपली जाते. शिवाय वाट पाहण्याचं या पिढीला काही वाटत नाही. याच्या वडिलांनी फियाटचं बुकिंग केलं आणि गाडी दारात यायला वर्षं गेली. ‘नंबर लागलाय’ हे वाक्य त्या घरात गाडीपेक्षा जास्त काळ वापरात होतं. गाडी नसतानाही गाडीवाले म्हणून वावरायचं शिक्षण त्याला लहानपणीच मिळालं. गॅरेजात पडून राहिलेली गाडी त्याला दुरावत नाही, उलट जास्तच आपली वाटते.

आक्षेप असाही आहे की हा माणूस वारसा जपतो, त्याची थट्टा कशाला? मला हे निम्मं पटतं. तो नसता तर खोपोली-खालापूरच्या गॅरेजांतलं हेड पट्टीवर तपासण्याचं कसब केव्हाच गेलं असतं. मोठ्या सर्व्हिस सेंटरात हल्ली बिघडलेलं दुरुस्त करण्यापेक्षा अख्खं बदलतात. पण वारशाचं त्याचं तत्त्व जरा सोयीचं असतं. रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसवा, घाटात उपयोगी पडेल, असं मिस्त्रीने सुचवलं की तो दुखावतो: “ओरिजिनॅलिटी जाईल.” थर्मोस्टॅट मात्र कोणा जुन्या मालकाने कधीच काढून फेकलेला, आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ब्लूटूथचा स्पीकर. सरकारने तर या माणसाचा स्वभाव बरोबर ओळखला आहे. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले: नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही, काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. १९७४च्या पद्मिनीला ही पन्नाशी २०२४मध्ये लागली. या यादीतल्या शेवटच्या कलमात आपल्या गृहस्थाचा सगळा प्रवास कायदेशीरपणे बसतो. कर्जतहून खोपोलीला तो दुरुस्तीलाच निघालेला असतो, फक्त निघताना ते त्याला माहीत नसतं.

राहता राहिला मिस्त्रीचा शेवटचा सल्ला. नवी गॅस्केट काही काळ चालली की दबते, म्हणून पाचेकशे किलोमीटर झाले की हेडचे नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. शेठ हा सल्ला फार मनावर घेतात, डायरीत मीटरचा आकडा लिहितात आणि त्या पाचशेची वाट पाहू लागतात. दसऱ्याला पूजेसाठी गेटपर्यंत, महडच्या वरदविनायकाला एकदा, मुलीच्या साखरपुड्याला मिरवायला एकदा. पाचशे व्हायला चांगली दोन-अडीच वर्षं लागतात. पद्मिनीची मागची चाकं इंजिन चालवतं, आणि मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. म्हणजे मागची चाकं फिरली की आकडा पुढे जातो, मग ती इंजिनाने फिरोत की दुसऱ्याने ओढल्यामुळे. एके दिवशी आकडा भरतो आणि शेठ मोठ्या समाधानाने खोपोलीला फोन करतात, “मिस्त्री, पाचशे पूर्ण! आणू ना आवळायला?” पलीकडे जरा वेळ पान्यांचा आवाज येत राहतो. मग मिस्त्री विचारतो, “शेठ, त्यातले टोचनचे किती?”